जनी : एका नावाची सातशे वर्षे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी त्यांना प्रथमच सांगितले की, मी काही इतिहाससंशोधक नव्हे. माझे शाळेतले शिक्षण सातवीत थांबले. पुढचे जे वाचन झाले ते दिवसभर मोंढ्यात पोती वाहून झाल्यावर, युनियनच्या कचेरीतल्या मिणमिणत्या दिव्याखाली झाले. परंतु एक वाचन मी तीस वर्षे नेमाने केले आहे, आणि ते पंडितांच्या वाट्याला सहसा येत नाही. ते म्हणजे हजेरीपटाचे. हजेरीपटात माणसाचे नाव, दिवस आणि दाम एवढेच असते. पण एका गावातले पन्नास वर्षांचे हजेरीपट कोणी ओळीने लावले, तर त्या गावाचा अर्धा इतिहास हाती लागेल असे मला वाटते.

आजचा विषय मला एका बारशाने दिला. आमच्या एका हमाल बांधवाच्या घरी मुलगी झाली. पाळणा सजला, बायका जमल्या, आणि नावाचा प्रश्न निघाला. म्हातारी म्हणाली, "माझ्या मायचं नाव ठेवा, जना." बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. बाळंतीण खालमानेने, पण ठाम म्हणाली, "आत्या, ह्या नावानं माझी पोरगी जन्मभर भांडीच घासंल." म्हातारी माझ्याकडे वळली, "भाऊ, तुम्ही चार बुकं वाचलेले. तुम्हीच सांगा." मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. मी चहा घेऊन परतलो. ते राहिलेले उत्तर आज आपल्यापुढे मांडतो आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. संस्कृतात 'जन्' हा धातू आहे. त्याचा अर्थ जन्म घेणे, उत्पन्न होणे. त्यापासूनच जन, जननी, जन्म हे आपले रोजचे शब्द आले. ऋग्वेदात 'जनि' किंवा 'जनी' हा शब्द स्त्री, पत्नी या अर्थाने येतो. जुन्या मराठीत 'जनीं' म्हणजे लोकांमध्ये. तेव्हा या नावाच्या अर्थात भांडीही नाहीत आणि केरसुणीही नाही. अर्थ पाहावा तर 'बाई' किंवा 'लोकांतली' असा सरळ, भारदस्त अर्थ आहे. मग भांडी त्याला चिकटली कोठून? त्यासाठी आपल्याला आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडला जावे लागते.

गोदावरीच्या काठी, जिला आपण गंगाच म्हणतो तिच्या काठी, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात एका गरीब घरात ही मुलगी जन्मली. परंपरा बापाचे नाव दमा आणि आईचे करुंड असे सांगते. दोघेही गावगाड्याच्या खालच्या थरातले आणि पंढरीचे वारकरी. आई गेली, आणि बापाने लहानग्या पोरीला पंढरपुरास दामाशेटी शिंप्याच्या घरी नेऊन सोडले. दामाशेटी म्हणजे नामदेवांचे वडील. नामदेवांचे कूळ नरसीचे, आणि नरसी हे गाव १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. म्हणजे ज्या घरी चाकरी केली त्या घराचे मूळ आणि चाकरी करणारी मुलगी, दोन्ही आपल्याच मुलखातली. आजच्या कायद्याच्या भाषेत ही मुलगी बालकामगार होती. पगार नाही, रजा नाही. दळण, कांडण, सडा-सारवण, धुणे, पाणी भरणे आणि शेण वेचणे ही तिची कामे. तिच्या अभंगांत ही सगळी कामे आली आहेत.

आता एक मौजेची गोष्ट पाहा. त्या घरातल्या बायकांची नावे परंपरेने जपून ठेवली आहेत. नामदेवांची आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, मुलगी लिंबाई, आणि लाडाई, गोडाई, येसाई व साखराई या चार सुना. अशा आठ जणी झाल्या. नववी जनी, ती घरची नव्हे, चाकरीची. त्या काळी मराठी बायकांच्या नावांना 'आई' किंवा 'आइसा' असा मानाचा प्रत्यय लागे. महानुभावांच्या लीळाचरित्रात महदाइसा, आबाइसा, उमाइसा, देमाइसा अशा कितीतरी जणी भेटतात. नामदेवांच्या घरच्या बायकांनाही 'आई' लागली आहे. दासीला काही लागले नाही. ती आपली नुसती जनी. 'बाई' तिला पुढच्या लोकांनी आदराने जोडली.

आणि झाले काय? गोणाई, गोडाई, आऊबाई ही नावे आज मला कोणत्याच हजेरीपटात सापडत नाहीत. साखराबाई, राजाबाई क्वचित आढळतात, पण ती ऐकून कोणाला नामदेवांची सून किंवा पत्नी आठवत नाही. मालकिणींची नावे बहुतेक विरून गेली आणि मोलकरणीचे नाव सातशे वर्षे टिकले. चाकरीच्या पोरीचे नाव धन्याच्या घरातल्या नावांहून जास्त टिकले, असे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

हे कसे घडले, याचे पहिले कारण असे की तिने आपले नाव आपणच नोंदवले. अभंगाच्या शेवटी कवीने आपले नाव गुंफायचे अशी रीत आहे. जनाबाईच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत, आणि त्यांत ती पुन्हा पुन्हा आपले नाव सांगते, आपण नामयाची दासी आहोत हेही सांगते. आमच्या धंद्यात ज्याचे नाव पटावर नाही त्याचे काम झालेच नाही असे धरतात. मुकादम नाव चढवीत नाही, म्हणून मजूर आमच्याकडे रडत येतो. तेराव्या शतकात एका निरक्षर मानल्या गेलेल्या दासीने आपले नाव स्वतः पटावर चढवले. त्यामुळे ते पुसता आले नाही.

दुसरे कारण जाते. नामदेवांबरोबर तिनेही शके १२७२ मध्ये, म्हणजे १३५० साली, पंढरपुरात महाद्वारी देह ठेवला असे वारकरी मानतात. परंतु तिचे नाव राहिले ते दगडाच्या दोन तळ्यांमध्ये. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे जाते दाखवतात, आणि वारीला गेलेली बाई त्याचा खुंटा धरून दोन फेरे फिरवल्याशिवाय परतत नाही. घरोघरी पहाटे जाते सुरू झाले की ओवी सुरू होई, आणि ओवीत जनी येई. विठ्ठल तिच्या जात्याला हात लावतो, ही कल्पना दळणाऱ्या बाईला किती गोड वाटत असेल, याचा विचार करा. घरातला पुरुष ज्या कामाला कधी हात लावत नाही, त्या कामाला प्रत्यक्ष देव हात लावतो. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी १९८० नंतरच्या काळात गावोगाव फिरून बायकांकडून जात्यावरच्या लाखाच्या घरात ओव्या गोळा केल्या. त्यांतही जनी भेटते. पोथी ज्यांना वाचता येत नव्हती त्यांनी हे नाव तोंडातोंडी जपले आणि लेकीबाळींना दिले.

तिसरे कारण तिच्या कथा. महिपतींनी १७६२ साली भक्तिविजय ग्रंथ पुरा केला. त्यात जनाबाईचे चरित्र आले, आणि गावोगावच्या पारायणांतून ते घराघरात पोचले. कीर्तनकारांनी सांगितलेल्या दोन कथा मला एका कामगार कार्यकर्त्याच्या नजरेने नेहमी खुणावतात. पहिली गोवऱ्यांची. कबीर जनाबाईच्या भेटीस आले, तो ती दुसऱ्या बाईशी गोवऱ्यांवरून भांडत होती. कबीरांना नवल वाटले, की एवढी मोठी भक्त आणि शेणासाठी भांडते! तेव्हा ती म्हणाली की, ज्या गोवरीतून विठ्ठलाचे नाव ऐकू येईल ती माझी. लोक यातला चमत्कार घेतात. मी भांडण घेतो. आपल्या कष्टाची वस्तू दुसऱ्याने नेली, तर संतीणसुद्धा गप्प बसत नाही, हे त्या कथेत स्पष्ट आहे.

दुसरी पदकाची. विठ्ठल रात्री जनीच्या झोपडीत आला, आपले पदक तेथेच विसरला आणि तिची वाकळ पांघरून गेला. सकाळी देवळात पदक नाही म्हणून ओरड झाली, आणि संशय कोणावर? जनीवर. चंद्रभागेच्या वाळवंटात तिला सुळावर द्यायला नेले, आणि सुळाचे पाणी झाले. सुळाचे पाणी झाले किंवा नाही, हा श्रद्धेचा भाग झाला. परंतु मौल्यवान वस्तू हरवली की पहिला संशय मोलकरणीवर, ही गोष्ट कथाकाराला बनवावी लागली नसणार. ती त्याने रोज पाहिली असेल. आजही धुण्याभांड्याच्या बाईवर असा आळ आला की ती आमच्या कचेरीत येऊन बसते. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यांना कामगार म्हणून कागदावर जागा मिळायला तिच्यानंतर साडेसहा शतके जावी लागली.

या तीन वाटांनी नाव पसरले. आमच्या मराठवाड्यात कुणबी, माळी, धनगर, महार, मांग, वंजारी, सर्वांच्या घरी जना, जनी, जनाबाई होत्या. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि सरकारी दप्तर उर्दूत होते. उर्दू लिपीत 'जनाबाई' लिहायचे म्हणजे जीम, नून, अलिफ, बे, आणि मग पुढची अक्षरे. पहिली चार अक्षरे तीच जी 'जनाब' या शब्दाची. आमचे एक जुने कारकून हसून सांगत, की पाटलाला कोणी जनाब म्हणो न म्हणो, शेण गोळा करणाऱ्या बाईला सरकारी कागद नेहमी जनाब म्हणत असे!

मग हे नाव उतरणीला केव्हा लागले? मी १९९० च्या सुमारास हजेरीपट पाहू लागलो. तेव्हा जिनिंगमध्ये आणि मोंढ्यात झाडणी-निवडणी करणाऱ्या साठीच्या बायकांत जनाबाई, गयाबाई, सखूबाई, ठकूबाई अशी नावे असत. चाळिशीच्या बायकांत शांताबाई, कमलबाई आल्या होत्या. विशीतल्या पोरी सुनीता, अनिता, संगीता होत्या. पुढे पूजा आणि अश्विनी आल्या. ही काही शिरगणती नव्हे, माझ्या डोळ्यांचा हिशोब आहे. परंतु आजच्या पटावर मला साठीच्या आतली जनाबाई सापडत नाही, आणि पाळण्यातली तर नाहीच नाही.

लोक म्हणतात, सिनेमाने नावे बदलली. ते अर्धेच खरे. १९४९ साली 'संत जनाबाई' हा बोलपट निघाला, आणि त्यात जनाबाईचे काम हंसा वाडकर यांनी केले. त्यांचे जन्मनाव रतन. पडद्यासाठी त्या हंसा झाल्या. प्रेक्षकांनी जनीला हात जोडले, परंतु त्या काळात मुलींची नावे मात्र नव्या वळणाची निवडली जाऊ लागली होती. पूजेचे नाव एक आणि पाळण्यातले नाव दुसरे, ही फारकत तेव्हापासून वाढत गेली.

खरी कारणे मला दोन दिसतात. एक, पिठाची गिरणी. गिरणी आली आणि घरचे जाते कोपऱ्यात गेले. बाईच्या खांद्यावरचे ओझे उतरले, ही फार चांगली गोष्ट झाली. परंतु जे नाव रोज पहाटे उच्चारले जाई ते उच्चारण्याची वेळच राहिली नाही. दुसरे कारण 'बाई' या शब्दाची घसरण. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, रमाबाई ही नावे उच्चारताना आपण आजही ताठ बसतो. १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे याही 'बाई'च. परंतु शहरात घरकामाला माणूस ठेवण्याची पद्धत वाढली, तसा 'बाई' म्हणजे कामवाली असा अर्थ रुळला. "आज बाई आली नाही," असे म्हटले की अहिल्याबाई आल्या नाहीत असे कोणी समजत नाही! पांढरपेशा घरांनी आपल्या नावांतली 'बाई' टाकून दिली आणि 'ताई' घेतली. 'बाई' उरली ती हजेरीपटावर. आणि जिच्या नावातच चाकरीची आठवण होती, तिच्या नावावर हा घाव दुहेरी बसला.

हा निव्वळ माझा तर्क नव्हे, याला एक पडताळा आहे. जनाबाईची समकालीन मुक्ताबाई. तिचेही नाव मधल्या काळात जुनाट ठरले होते. परंतु शिकलेल्या घरांनी 'बाई' गाळून मुक्ता हे नाव परत आणले. सई आली, रमा आली. जुने म्हणून नाव टाकले जात असते, तर मुक्ताही परतली नसती. परतली नाही ती जनीच. मुक्ताईच्या हातात केरसुणी नव्हती, हाच काय तो फरक. म्हणजे आपल्याला जुनेपणाचा कंटाळा नाही, कष्टाच्या वासाची लाज आहे.

या लाजेची किंमत कोण मोजतो तेही सांगतो. जिनिंगमध्ये पस्तीस वर्षे राबलेली एक म्हातारी माझ्याकडे आली. माहेरचे नाव जना. लग्नात सासरच्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने एका फुलाचे नाव लिहिले, कारण जना हे नाव त्यांना गावंढळ वाटले. शिधापत्रिकेवर फुलाचे नाव चढले. परंतु कामावर तिला सगळे लहानपणापासून जना म्हणत, म्हणून पटावर जनाच राहिली. म्हातारपणी हक्काच्या पैशाची वेळ आली, तेव्हा एका कार्यालयाने सांगितले की, काम केलेली बाई वेगळी आणि अर्ज करणारी बाई वेगळी. दोन वर्षे आम्ही खेटे घातले. शपथपत्रे झाली, साक्षीदार झाले. एकदा पायरीवर बसून ती म्हणाली, "भाऊ, काम केलं तवा जना चालली. पैसे द्यायचे म्हणल्यावर जना कोन म्हनतेत." मी आयुष्यात पुष्कळ भाषणे ऐकली, पण या दोन वाक्यांपुढे ती सगळी फिकी वाटतात.

तेव्हा आता म्हातारीच्या प्रश्नाकडे येतो. जनाबाईचे नाव आपण ठिकठिकाणी दिले आहे. गंगाखेडला तिचे मंदिर आहे, तिच्या नावाचे महाविद्यालय आहे. हे योग्यच झाले. ज्या मुलीला अक्षर शिकवायचे कोणाच्या मनात आले नाही, तिच्या नावाच्या इमारतीत आज शेकडो मुली शिकतात. पण त्या मुलींत एखादी जना असेल का, हे मला कोणी हजेरी घेऊन सांगावे. आपण ते नाव दगडावर कोरतो आणि पाळण्यावर लिहीत नाही.

त्या सुनेला मी दोष देणार नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडत होती आणि मी तिच्या शेजारी झोळीत होतो. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. त्या बायकांपैकी एकीनेही आपल्या मुलीने खडी फोडावी असा नवस केला नाही. आपल्या लेकीच्या वाट्याला हे येऊ नये ही इच्छा पवित्रच आहे. सून नावाला भ्याली नव्हती, नावामागच्या जिण्याला भ्याली होती. चूक तिच्या भीतीत नाही. ज्या समाजात भांडी घासणे म्हणजे कमी दाम, आळ आणि अपमान, त्या समाजाची ती चूक आहे. भांडी घासणाऱ्या बाईला पुरते दाम, सुट्टी आणि मानाची हाक मिळू लागली, तर हे नाव परत आणायला माझ्यासारख्याच्या व्याख्यानाची गरज पडणार नाही.

एक आशेची गोष्ट सांगून थांबतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये निर्णय केला, की १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव लिहावे. दिवस महाराष्ट्र दिनाचा आणि कामगार दिनाचाही. करुंडचे नाव सातशे वर्षे लोकांनी तोंडी जपले. आता आईचे नाव जपण्याचे काम कागदाने पत्करले आहे. तेव्हा माता-भगिनींना माझी एवढीच विनंती आहे, की लग्नात आपले नाव बदलू देऊ नका. ते जुनाट असो की गावंढळ असो, आपल्या कष्टाची नोंद त्याच नावावर होते, आणि आता आपल्या लेकरांची ओळखही त्यानेच सांगितली जाईल.

त्या बारशाला मुलीचे नाव नवे, दोन अक्षरी ठेवले. ते चांगले आहे. मात्र परवा मी त्या घरावरून गेलो, तेव्हा म्हातारी नातीला अंगणात खेळवीत होती आणि हाक मारीत होती, "जने, ये जने!" सून चुलीपाशी होती. तिने ऐकले आणि काही बोलली नाही.